सिराजचा फासा

सिराजला ऑपरेशनला आत नेलं आणि बाहेरच्या बाकावर त्याची बहीण अलफिया आणि दोस्त शंभू यांनी अर्ध्यावर राहिलेल्या खेळातले बोटभर उंचीचे तलवारबाज पुन्हा मांडले. समोर पूर्णिमा बसली होती. तिचा नवराही आतच होता.

"भाईची खेळी तूच खेळ, शंभू. तुलाच सांगून गेलाय."

"त्याचा कप्तान कोंडीत सापडलाय गं. फाशावर एक पडला तर मेला."

"मग परत उभा करू."

"मेलेला परत उभा करायचा नाही, हा नियम त्याचाच."

"मग टाकूच नकोस."

"बाहेर आल्यावर पहिलं तेच विचारेल."

"येईल ना रे बाहेर?"

शंभूनं फासा टाकला. तो घरंगळत पूर्णिमाच्या खुर्चीखाली गेला.

"काकू, किती पडलेत?"

पूर्णिमा वाकली. फासा फरशीवर सपाट पडला होता. एक.

"फटीत तिरका अडकलाय," फासा उचलत ती म्हणाली. "परत टाक."