धुकं धरलेली काच

(पाणथळीच्या काठावर गवताचा आडोसा, समोर हातभर रुंदीची खिडकी. नुकतं उजाडलं आहे.)

लेक : पुसू नका, बाबा! हात मागे घ्या आधी.

बाबा : अगं, रुमाल स्वच्छ आहे. इस्त्रीचा.

लेक : इस्त्रीचा असो नाहीतर रेशमाचा. पुसलं की पुन्हा धुकं धरतंय. तीनदा पुसलं ना मी तुमच्यासमोर? आता सगळ्या काचेवर फराटे उठलेत.

बाबा : मग दुसरी लेन्स लाव.

लेक : तीही त्याच बॅगेत होती. तिचीही तीच गत.

बाबा : असं कसं झालं एकाएकी? काल तर चांगली होती.

लेक : मलाही तेच कळत नाहीये. बाहेरच्या दमट हवेत लेन्स अशी घामेजते, पण ती गारठलेली असेल तर. म्हणून तर मी बॅग एसीपासून लांब, पॅसेजमध्ये ठेवली होती. चेन लावून. बाबा? तिकडे काय बघताय?

बाबा : पॅसेजमध्ये उकडत होतं गं.

लेक : बाबा!

बाबा : तू झोपलीस, मग मी ती आत आणली. एसीच्या अगदी खाली ठेवली. आणि चेन उघडली, म्हणजे जरा हवा लागेल.

लेक : रात्रभर?

बाबा : सोळावर ठेवला होता. मी गोधडी घेऊन झोपलो.

लेक : अहो, पण कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

बाबा : कुणी सांगायला कशाला हवं? तीस वर्षं थेटरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवला मी. तिथला एसी काय माझ्यासाठी होता? मशीनसाठी होता. मशीन तापलं की खेळ बंद, खाली शिट्ट्या. मला वाटलं, तुझ्या एवढ्या महागाच्या मशीनला निदान एक रात्र तरी गारवा मिळावा. चुकलंच माझं.

लेक : चुकलं म्हणजे काय! आठ वाजता गवत कापायचं मशीन येणारे इथे. पालिकेच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, पाणमांजराची पिल्लं आहेत असं नुसतं तोंडी चालणार नाही, फोटो दाखवा, मग तीन महिने कापणी थांबवतो. आजची सकाळ गेली की बीळ गेलं आणि पिल्लंही गेली.

बाबा : किती वाजले?

लेक : पावणेसात. काल पिल्लांची आई सातला बाहेर आली होती. पिल्लं दोन मिनिटं दिसली, आणि माझा कॅमेरा तेव्हा बॅगेत. कपाळच फुटकं.

बाबा : ही काच गरम झाली की धुकं जाईल ना?

लेक : जाईल. पण आपोआप व्हायला अर्धा-पाऊण तास तरी लागेल.

बाबा : झाकण लाव आणि दे इकडे.

लेक : काय करताय? स्वेटरच्या आत?

बाबा : पोटाशी धरतो. एवढं पोट सुटलंय, आज तरी कामाला येऊ दे. तुझी आई बघायला हवी होती, रोज टोमणे मारते.

लेक : हसवू नका, मी रागावलेय.

बाबा : रागाव की. फक्त हळू आवाजात रागाव.

लेक : गार लागतंय का?

बाबा : बर्फाची लादी पोटावर घेतल्यासारखं वाटतंय. तू लहानपणी तापातून उठलीस की अशीच चिकटून बसायचीस. फरक एवढाच, तू गरम असायचीस.

लेक : बाबा, तुम्ही आलात ते बरं वाटलं हं मला. ती एसीची गोष्ट सोडून.

बाबा : तूच कधी बोलावलं नाहीस.

लेक : तुम्ही म्हणायचात, जनावरांच्या मागे काय वेड्यासारखी फिरतेस.

बाबा : म्हणायचो. घरी बसून म्हणणं सोपं असतं. हे बघ, आता गारवा कमी झालाय. घे, बघ काच.

लेक : थांबा... मध्ये स्वच्छ झालीये. कडेला अजून थोडं आहे. चालेल! बाबा, चालेल!

बाबा : शू! ते पाणी हललं.

लेक : कुठे?

बाबा : डावीकडे. वाकलेल्या गवताच्या मागे.

लेक : तीच आहे. तोंडात मासा आहे. आणि मागे... एक, दोन. तीन आहेत, बाबा!

बाबा : मग काढ ना!

लेक : फोकस होत नाहीये. मधल्या गवतावरच जातोय. मोटर नुसती घरघर करतेय.

बाबा : मोटर बंद कर. हातानं फिरव.

लेक : मला हातानं जमत नाही, सवयच गेलीये.

बाबा : जमेल. ठमे, ऐक. घाई नको. फिरवत जा. चित्र स्पष्ट झालं की लगेच थांबू नकोस, जरा पुढे जाऊ दे, परत धुरकट होऊ दे. मग मागे ये. मी प्रत्येक रिळाला हेच करायचो.

लेक : पुढे गेले... धुरकट झालं. मागे येतेय. बाबा, मिशा दिसतायत! मिशांवरचे थेंब दिसतायत!

बाबा : मग माझ्याशी काय बोलतेस? दाब!

लेक : (खटखट बटण दाबत) हं.

बाबा : झालं?

लेक : अजून. ते धाकटं आईच्या पाठीवर चढतंय.

बाबा : झालं?

लेक : झालं. वीस-पंचवीस तरी आलेत. हे बघा. एका कोपऱ्यात धुक्याचा डाग आलाय, पण चौघंही स्वच्छ. थांबा, या कॅमेऱ्याच्या पडद्याचाच मोबाइलवर फोटो काढून साहेबांना पाठवते. रेंज एकच दांडी आहे... गेला. आता फोन लावते.

बाबा : नीट बोल हं. चढ्या आवाजात नको.

लेक : हॅलो, साहेब? हो, आत्ताच काढलाय. तीन आहेत, हो. मशीनची गाडी निघाली? मग वळवाल ना? तीन महिने? लेखी? हो, हो, मूळ फोटो दुपारी आणून देते. खूप आभार, साहेब. बाबा, थांबवली कापणी! कोपऱ्यातलं धुकं चालतं म्हणाले.

बाबा : आता मी उठू का जरा? पायाला मुंग्या आल्यात.

लेक : उठा. तुम्ही नीट बघितलंच नाहीत ना? इथे या, खिडकीपाशी. लांबचा चष्मा लावा.

बाबा : अशाच खिडकीतून तीस वर्षं बघितलं गं. पण पिक्चर कधी बघितला नाही. एक डोळा रिळावर, एक पडद्याच्या कडेवर. लोक रडायचे, हसायचे, आणि मी पुढचं रीळ चढवत असायचो.

लेक : आता काही चढवायचं नाहीये. बघा निवांत.

बाबा : ते धाकटं पाण्यात पडलं. बघ, बघ, आईनं मानेला धरून वर काढलं.

लेक : दिसलं.

बाबा : आणि ते परत उडी मारतंय, गाढव कुठलं.

लेक : बाबा, तुमच्या चष्म्यावर धुकं आलंय. द्या, पुसते.

बाबा : राहू दे. पुसलं की परत येतं.