आबांच्या फटफटीचं बेरिंग

हसू नका, पण चेन्नईत मी एका मिस्त्रीची गचांडी धरली होती. आमच्या आबांची जुनी फटफटी त्याच्याकडं खोललेली. पिस्टन घासलेला, बेरिंग वाजत होतं. दोन्ही नवी आणून दिली. तर हा गडी इंजिनावर हातोडा उगारून मलाच विचारतो, "पोडवा?"

माझं डोस्कंच सटकलं. "फोडतो? माझ्या बापाचं इंजिन फोडतो? थांब, तुझं टाळकंच फोडतो!"

शेजारचे तंजावरचे मराठी राव पळत आले. "अहो, सोडा त्याला! तमिळमध्ये पोडवा म्हणजे टाकू का. नवं बेरिंग टाकू का, विचारतोय तो!"

मी गचांडी सोडली. संध्याकाळी फटफटी पहिल्याच किकला सुरू झाली, आवाज अगदी आबांच्या वेळचा. मिस्त्री हसत म्हणाला, "टी पोडवा?"

म्हटलं, "फोड बाबा, फोड!"