तीन पायऱ्यांना मी वाट म्हणालो

...आणि वर मलाच विचारतो, "तुम्ही ह्याला 'वाट' का म्हणालात?" अहो, का म्हणालात म्हणजे? वाट आहे म्हणून म्हणालो! छत्तीस वर्षं त्या बोळातून टपाल वाटलंय मी! खांद्याला पिशवी, तोंडात शिट्टी, डोळे पाकिटावर, पाय आपोआप! आणि हा कोण कुठला, ज्याचं तोंडसुद्धा मी पाहिलेलं नाही, तो मला विचारणार? तुम्हाला सांगतो, माणसाने निवृत्त झाल्यावर काय वाट्टेल ते करावं, कुंड्यांना पाणी घालावं, शेजाऱ्यांशी भांडावं, भांडण संपलं तर पुन्हा पाणी घालावं... पण नकाशा करायला बसू नये!

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा मधूनच सुरू झाला. हा नकाशा म्हणजे भिंतीवरचा नव्हे हं. मोबाइलवरचा. सगळ्यांनी मिळून केलेला. कोणीही यावं, आपली गल्ली भरावी, दुसऱ्याची चूक काढावी, सगळं फुकट. मुलीने लावून दिला. म्हणाली, "बाबा, तुम्हाला घर न् घर पाठ आहे, ते डोक्यात घेऊन बसण्यापेक्षा ह्यात भरा." आता पोरगी दूर राहते, फोनवर एवढ्या प्रेमाने सांगते, नाही कसं म्हणणार? बसलो भरायला!

तर त्यात असं असतं, की नुसती रेघ मारून भागत नाही. प्रत्येक रेघेला, प्रत्येक ठिपक्याला एक चिठ्ठी लावायची. तिला म्हणतात टॅग. हा खांब, हा बाक, हे दुकान, दुकान तर कसलं दुकान... मला वाटलं, हे तर आपलंच काम! जन्मभर पत्ते वाचले, आता लिहायचे. लिहिलं की हो धडाधड! दवाखान्याच्या दारात एक सिमेंटचा उतरता कट्टा आहे, चाकं वर जायला केलेला. जाताना लागला तेव्हा मी लिहिलं 'चढ'. त्याच्यापुढे शाळेच्या दारात तसाच आहे, तो परतताना लागला, लिहिलं 'उतार'. बँकेपाशी पोचेपर्यंत पाय दुखायला लागले होते, तिथे लिहिलं 'घसरगुंडी'. हसताय काय? दिसतं तसं लिहिलं! याला दुसरं म्हणायचं काय?

झालं! दुसऱ्या दिवशी निरोप. नकाशावर निरोप येतात. खाली नाव काय, तर 'शिस्त'. हे टोपणनाव बरं का, स्वतःहून घेतलेलं! म्हणजे बघा माणूस कसा असेल. "नमस्कार. आपण एकाच प्रकारच्या वस्तूला तीन नावं दिली आहेत. कृपया एकच वापरावं. यादी सोबत जोडली आहे." यादी! उघडली तर संपेचना! मी कळवलं, अहो, बघणाऱ्याला कळल्याशी कारण. तर उत्तर आलं, "बघणाऱ्याला कळेल. शोधणाऱ्या यंत्राला कळणार नाही." मी मनात म्हटलं, यंत्राला शिकवा मग, मला कशाला शिकवता?

तिथून जी जुंपली आमची! मी कोपऱ्यावरच्या बंगल्यापाशी लिहिलं, 'कुत्रा, चावतो'. टपालवाल्याच्या नकाशात याहून महत्त्वाचं काही असतं का? 'शिस्त'ने काढून टाकलं! म्हणे, "नकाशावर तात्पुरत्या गोष्टी लिहीत नाहीत. जागेवर कायम असेल आणि दुसऱ्या कोणी जाऊन पाहिलं तर दिसेल, तेवढंच." तात्पुरत्या? नऊ वर्षं चावतोय तो! पँटची शिवण दाखवू? तर म्हणतो कसा, "कुत्रा हलतो." आता याला म्हणायचं काय?

आणि ह्या सगळ्या धांदलीत तो बोळाचा निरोप आला होता. दवाखान्याच्या मागचा बोळ. मी त्याला टॅग लावला 'वाट'. 'शिस्त'ने विचारलं, "ही साधी वाट आहे, की मध्ये पायऱ्या आहेत? जुन्या फोटोत काहीतरी दिसतं. पायऱ्यांना वेगळा टॅग असतो." मी काय उत्तर द्यावं? मी ताठ मानेने लिहिलं, "छत्तीस वर्षं टपाल वाटलंय मी तिथे." बस्स. एवढंच. प्रश्न होता पायऱ्या आहेत का, आणि मी उत्तर दिलं माझ्या नोकरीचं! तेव्हा फार झकास वाटलं होतं हो...

आता आमच्या हिचं सांगतो. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. आमची ही शिवण शिकवायची. गावातल्या निम्म्या बायकांच्या कात्रीला हिने वळण लावलंय. दोन वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं आणि पायांनी जो संप पुकारला तो अजून मिटलेला नाही. आता खुर्ची आहे, बॅटरीवर चालणारी, मुठीशी एक दांडा, दाबला की पुढे. घरात झकास चालवते, टेबलाला धडकली तर टेबलावर चिडते. पण बाहेर नाही. दोन वर्षं बाहेर एकटी नाही. मी ढकलायला तयार, मुलगी आली की ती तयार, शेजारीण तयार... आणि तिला नेमकं तेच नको! एक दिवस जेवताना म्हणाली, "अहो, मला पुन्हा शिवणवर्गात जायचंय. एकटीला. कोणी बरोबर आलं ना, की लोक त्याच्याशी बोलतात. 'ह्यांना पाणी हवंय का?' असं तुम्हाला विचारतात, मला नाही." खरं होतं. मला विचारतात आणि मीपण उत्तर देतो.

मुलीने हिच्या मोबाइलवर एक सोय करून दिली. खुर्चीवाल्यांना वाट दाखवणारी. कुठून जायचं सांगायचं, कुठे ते सांगायचं, ती आपल्याच नकाशातले टॅग वाचते आणि चाकं जातील तेवढ्याच वाटेने नेते. माझी छाती अशी फुगली म्हणता! म्हटलं, बघ, नवऱ्याने केलेल्या नकाशावरून जाशील! निघाली बुधवारी साडेतीनला. दारात मला शपथ घातली, मागे यायचं नाही. नाही गेलो. घड्याळासमोर बसलो. चार वाजले. साडेचार वाजले. वर्गात फोन केला तर तिथली बाई म्हणाली, "नाही आल्या अजून." हिला करावा तर आत्ताच शपथ घेतलेली...

पावणेसहाला आली. कोपर खरचटलेलं, चाकाला भिंतीचा चुना लागलेला. पाणी मागितलं. सगळा पेला संपवला आणि म्हणाली, "अहो, तुमच्या वाटेला तीन पायऱ्या आहेत."

मी म्हटलं, "कुठे?"

"दवाखान्यामागे."

"छे! तिथे पायऱ्या नाहीत. मी छत्तीस वर्षं..."

"मोजून या," म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. मोजून या!

झालं होतं काय, मोठ्या रस्त्यावर वर्षभराचं खोदकाम, तो टॅग 'शिस्त'ने वेळेवर लावलेला, म्हणून यंत्राने तिला बोळात घातलं, कारण बोळ म्हणजे 'वाट', वाट म्हणजे सपाट, यंत्राला काय माहीत नोकरी कोणी केली! ही बिचारी त्या बोळात जन्मात गेली नव्हती, तो आमचा टपालवाल्यांचा आडमार्ग. खुर्ची मावते, पण वळत नाही. समोर तीन पायऱ्या. एक माणूस आला, म्हणाला "उचलू का?" ही म्हणाली नको. मग दोनशे पावलांचा तो बोळ बाईसाहेब उलट्या मागे आल्या. मान वळवून, एका हाताने भिंत चाचपत. मला फोन का नाही केला? तर, "तुम्हाला फोन करायचा असता तर तुम्हालाच नेलं नसतं का बरोबर?"

मी गेलो मोजायला. तुम्हाला खोटं नाही सांगत, बोळाच्या तोंडाशी उभा राहिलो तेव्हाही मला वाटत होतं की ती दुसऱ्याच बोळात शिरली असणार. आत गेलो. तीन. चांगल्या दगडी, मधून झिजलेल्या. त्या झिजेत निम्मा वाटा माझ्याच चपलांचा असेल! छत्तीस वर्षं रोज दोनदा चढलो, दोनदा उतरलो आणि मला पायऱ्या म्हणून त्या दिसल्याच नाहीत, कारण माझ्या पायांना त्या नडल्याच नव्हत्या. तिथेच बसलो, मधल्या पायरीवर. लाज वाटली हो. सरळ सांगतो, रडलो. आणि तो तिकडचा परका माणूस सहा महिने आधी नीट विचारत होता, पायऱ्या आहेत का म्हणून... मी त्याला माझी नोकरी ऐकवली! आता याला म्हणायचं काय? मूर्खपणा म्हणायचं. त्याला यादी लागत नाही.

घरी आलो, 'तीन' म्हटलं. ही म्हणाली, "बसा." मग तिने मला तिच्या वर्गातल्या पोरींना सांगते तसं सांगितलं. म्हणाली, "कापडावर खडूने खूण केली ना, की कात्री विचारत नाही तुमच्या मनात काय होतं. जिथे खूण, तिथे कापणार. म्हणून माझ्या वर्गात सगळ्यांची खूण एक. एकीने फुली मारली, दुसरीने टिंब, तिसरीने घसरगुंडी, तर ब्लाउज कोणाच्या अंगाला बसेल?" घसरगुंडीचं तिला मुलीने सांगितलं होतं. घरभेदी!

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं निघालो. पुढे ती, मागे मी, ढकलायचं नाही, नुसतं लिहायचं. तिने शिवणाची टेप काढली. प्रत्येक उंबरठा, प्रत्येक कट्टा, प्रत्येक फूटपाथची कड! "साडेचार इंच. लिहा." मी म्हणायचो, अंदाजे पाच लिहू? तर अशी बघायची, की मी साडेचार खोडून पुन्हा साडेचार लिहायचो. यादी तिनेच पाठ केली. चढ गेला, उतार गेला, घसरगुंडी गेली, सगळ्या गावाला एक शब्द आला, 'रॅम्प'. मला तो आवडत नाही. पण आवडायचा प्रश्न नाही म्हणे, सापडायचा आहे! दोन महिने, एक्केचाळीस गल्ल्या. आणि मी 'शिस्त'ला एक निरोप लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी एवढंच राहिलं, "तीन पायऱ्या आहेत. आपण विचारलं होतंत. चुकलो." उत्तर आलं, "धन्यवाद. टॅग बदलला आहे." बस्स! मी वाट बघत होतो, एखादा टोमणा येईल, दोन शब्द येतील... माणूस आहे की दगड? पण खरं सांगू, फार बरं वाटलं.

तर आता ती जाते. सोमवार ते शुक्रवार, एकटी. पिठाच्या गिरणीवरून वळसा, अकरा मिनिटं जास्त, पण एक पायरी नाही. वर्गात तिला पाणी हवं का, हे तिलाच विचारतात. आणि मी? मी घरी बसतो. असं तिला वाटतं! गिरणीच्या कोपऱ्यावर विजेची एक मोठी पेटी आहे, तिच्याआड चार ते पाच मी उभा असतो. मागे जायचं नाही अशी शपथ आहे, आधीच जाऊन उभं राहायचं नाही अशी कुठे आहे? चारला जाताना दिसते, पाचला येताना दिसते, तिची पाठ वळली की मी आडबोळातून, हो, त्याच तीन पायऱ्यांवरून, धावत घरी. ती येते तेव्हा मी पेपर वाचत असतो. धापा टाकत.

परवा सहज नकाशा उघडला. तर गिरणीच्या कोपऱ्यावर एक नवा ठिपका! विजेच्या पेटीला चिकटून. टॅग काय, तर 'अडथळा'. मी चक्रावलो. रोज उभा असतो तिथे, मला कसला अडथळा दिसला नाही? भरणाऱ्याचं नाव पाहिलं, तर आमची ही! आणि खाली 'शिस्त'चा प्रश्न, "पाहणीला दुपारी बारा वाजता गेलो होतो, काही दिसलं नाही. तात्पुरता अडथळा असेल तर काढून टाकतो."

त्याखाली हिचं उत्तर. "तात्पुरता नाही. एकोणचाळीस वर्षं आहे. या जागी सोमवार ते शुक्रवार, चार ते पाच. बाजूने खुर्ची जाते."

"हलतो का?"

"सांगून हलत नाही."

आता याला म्हणायचं काय? मी बसलो की हो यादी घेऊन! खांब नाही, कठडा नाही, दगड नाही, फाटक नाही... सगळी यादी धुंडाळली, माझ्यासाठी ह्याहून बरोबर टॅग मिळाला नाही. आणि तुम्हाला सांगतो, ज्या 'शिस्त'ने नऊ वर्षं चावणारा कुत्रा ठेवला नाही, त्याने मला ठेवलंय! फक्त खाली लिहिलंय, "दिलेल्या वेळेत पुन्हा पाहणी करीन. जागेवर न दिसल्यास काढून टाकण्यात येईल."

पावणेचार वाजले वाटतं? निघतो बुवा. जागेवर दिसलं पाहिजे.