सांगून जा, म्हणणारे टिपणीसकाका

काकू, आणि फुनाबोरीच्या या हॉलमध्ये जमलेल्या सगळ्यांनो,

एरवी आपण इथे गणपतीच्या मीटिंगला जमतो आणि तावातावाने भांडतो. आज बोलायला कुणी पुढे येईना. सगळे म्हणाले, मेघना, तू शेजारीण, तूच बोल. शेजारीण आहे म्हणून तर जड जातंय. भिंतीपलीकडचा खोकला रोज ऐकायची सवय होती मला. आता तो येत नाही, आणि मी उगीचच टीव्हीचा आवाज कमी करून बघते.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी, मी मेघना साठे. बँकेच्या पोस्टिंगवर जपानला आले, आणि अरविंद टिपणीस, म्हणजे आपले टिपणीसकाका, यांच्या शेजारचा फ्लॅट मला मिळाला. टोकियो संपून, उरायासुच्याही बरंच पुढे, चिबा प्रांतातल्या नाशपातीच्या बागा सुरू होतात तिथे. बागांच्या मागे फुटबॉलचं स्टेडियम. शनिवारी दुपारी ढोल सुरू झाले की आमच्या कपाटातल्या वाट्या थरथरायच्या. मी वैतागायचे. काका गळ्यात क्लबचा मफलर घालून, बूट बांधत बांधत म्हणायचे, "मेघना, चल, नाहीतर काकूला भाजी आणून दे. काहीतरी उपयोगी कर."

आता हा माणूस फुटबॉलच्या नादी लागला कसा? ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून आलंय.

काका मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीतून आले होते. आले तीन वर्षांसाठी, राहिले ते राहिलेच. या बिल्डिंगमध्ये नवीन बिऱ्हाड मांडलं तेव्हा दोघं वाट बघत बसले. कशाची? शेजाऱ्यांची. आपल्याकडे काय असतं? नवीन कुणी राहायला आलं की शेजारची बाई चहा घेऊन येते, दूधवाल्याचा नंबर देते, वरच्या मजल्यावरचे कसे आहेत तेही हळूच सांगून जाते. काकूंनी चांगले कप काढून ठेवले होते. कुणी आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. काका म्हणाले, माणसं शिष्ट आहेत.

आणि खालच्या मजल्यावर ओकादा-सान वाट बघत बसले होते. त्यांची स्वतःची नाशपातीची बाग, पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीतला माणूस. ते घरी म्हणत होते, वरचे नवीन लोक शिष्ट आहेत. कारण इथे रीत उलटी आहे. जो येतो त्याने शेजाऱ्यांकडे जायचं. हातात एखादा टॉवेल द्यायचा, वाकायचं आणि म्हणायचं, आजपासून आमचा तुम्हाला त्रास होणार, सांभाळून घ्या. घर सोडतानाही तसंच. इतके दिवस सांभाळलंत, आता निघतो.

ऑफिसात कुणीतरी हे काकांना सांगितलं तेव्हा जवळजवळ अर्धं वर्ष उलटलं होतं. त्याच संध्याकाळी काका टॉवेल घेऊन खाली गेले. ओकादा-सान दारात उभे. टॉवेलकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि म्हणाले, "फार उशीर केलात." मग हसले. मग म्हणाले, "शनिवारी मॅच आहे. येता?"

तेव्हापासून दोघं एकत्र. वीसेक वर्षं. पहिल्याच मॅचला समोरच्या टीमने सुंदर गोल केला, आणि आपल्या गोलपोस्टमागे, आपल्या कट्टर लोकांच्या मधोमध उभं राहून काकांनी टाळ्या वाजवल्या. क्रिकेटची सवय. चांगल्याला चांगलं म्हणायचं. लोक वळून बघायला लागले. ओकादा-सानांनी काकांचे दोन्ही हात धरून खाली केले. ही गोष्ट ते इतक्या वेळा सांगायचे की मला पाठ झाली. पण मंडळी, काकांनी टाळ्या काही सोडल्या नाहीत. फक्त हळू वाजवायला लागले.

मग दोन वर्षांपूर्वी बातमी आली. क्लब हे स्टेडियम सोडणार. खाडीकडे, स्टेशनला लागून नवीन स्टेडियम होणार. आपल्या स्टेडियमला छप्पर नाही, स्टेशनहून बसने यावं लागतं, मैदानाभोवती धावपट्टी असल्यामुळे खेळाडू काडेपेटीतल्या काड्यांएवढे दिसतात. कारणं सगळी खरी होती. गावात मात्र सुतक आल्यासारखं झालं.

क्लबने सभा घेतली. मी काकूंसोबत गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी बघितलेलं सांगते. क्लबच्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवली. ओकादा-सान उठले. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि आम्ही?" क्लबच्या माणसाने पुढचं चित्र लावलं. ते खाली बसले आणि त्यांनी काकांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. सगळ्यांना वाटलं, आता तिपुनिसु-सान, म्हणजे जपानी तोंडातले टिपणीसराव, उठतील आणि क्लबला धारेवर धरतील.

काका उठले. त्यांचं जपानी तुम्हाला माहीत आहे. व्याकरणाची पार वाट, पण थांबायचं नाव नाही. ते म्हणाले, "जा. तुम्ही जायलाच हवं. इथल्या पायऱ्या आता आम्हा म्हाताऱ्यांना चढवत नाहीत. मीही पोटासाठी घर सोडून आलेला माणूस आहे, जाणाऱ्याला मी कुठल्या तोंडाने अडवू?"

ओकादा-सानांचा चेहरा मी विसरू शकत नाही.

काका पुढे म्हणाले, "पण असे जाऊ नका. या बागवाल्यांनी इतकी वर्षं तुमचे ढोल ऐकलेत. तुमच्या दिव्यांच्या उजेडात झोपलेत. मॅचच्या दिवशी स्वतःच्या बागेत गाडी नेता येत नव्हती त्यांना. घर सोडताना माणूस शेजाऱ्यांकडे जातो. तुम्ही दारोदार जा. सांगून जा."

क्लबचा माणूस म्हणाला, वेबसाइटवर सगळी माहिती आहे. काका म्हणाले, "मी वेबसाइटवर राहत नाही. मी बागेच्या कडेला राहतो." तेव्हा तो वाकून म्हणाला, विचार करू. इथे ऑफिसात काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे, "विचार करू" म्हणजे काय. म्हणजे नाही.

त्या दिवसापासून ओकादा-सान काकांशी बोलेनासे झाले. जिन्यात भेटले तर मान लववायची आणि पुढे जायचं. त्यांच्या मते काका फितूर झाले. काकांना ते फार लागलं. मफलर घडी करून ठेवायचे आणि पुन्हा काढायचे. काकू म्हणाल्या, अहो, जाऊन समजवा ना. काका म्हणाले, "काय समजवू? त्याचं दुःख खरं आहे. माझंही म्हणणं खरं आहे."

पण काका गप्प बसले असते तर ते टिपणीसकाका कसले? साहेब लोक ऐकत नाहीत ना, मग ते सरावाच्या मैदानावर जायला लागले. सराव संपला की खेळाडू कुंपणापाशी येतात, लोकांशी बोलतात. पोरंटोरं सही मागायची. काका म्हणायचे, "आमच्या शेजाऱ्यांकडे कधी येताय?" दर आठवड्याला. हसून घालवलं तरी पुढच्या आठवड्याला पुन्हा. शेवटी कॅप्टनने विचारलं, "ओजीसान," म्हणजे काका, "घरं कुठली ते तरी दाखवाल का?" काका म्हणाले, "त्याचसाठी उभा आहे."

आणि ठरलं. गेल्या महिन्यातला एक रविवार. तोवर तो खोकला वाढून काका हॉस्पिटलमध्ये पोचले होते. त्यांना उठताही येत नव्हतं. त्यांनी काकूंना सांगितलं, "तू जा. तुला सगळी दारं माहीत आहेत."

मी सोबत होते. पुढे आपल्या काकू, अंगावर स्वेटर, पायात स्पोर्ट्‌स शूज, आणि मागे ट्रॅकसूटमधले ते उंच उंच खेळाडू, हातात क्लबच्या रंगाचे टॉवेल. प्रत्येक दारात कॅप्टन वाकायचा. इतकी वर्षं तुम्हाला त्रास दिला, सांभाळून घेतलंत, आता आम्ही निघतो. एक आजी रडायलाच लागल्या. एका घरातून पिशवीभर नाशपाती आल्या. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. एक म्हातारा माणूस पलंगावर पडून होता, आणि त्याच्या शब्दाखातर एक अख्खा क्लब बागांमधून चालत होता. याला काय म्हणायचं? मी याला मोठेपण म्हणते.

ओकादा-सानांच्या दारावर कॅप्टनने बेल वाजवली. आत दिवा होता. दार उघडलं नाही. कॅप्टन बंद दारासमोर वाकला, सगळं बोलला आणि टॉवेल कडीला अडकवून परतला.

संध्याकाळी काकूंनी हे काकांना सांगितलं. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "आत होता ना? मग ऐकलं असेल. आता त्याला कुणी आग्रह करू नका. आपल्या माणसाला रुसायचा हक्क असतो."

त्याच आठवड्यात काका गेले. दोघांचं बोलणं राहूनच गेलं.

मंडळी, ओकादा-सान आज इथे आहेत. मागे, खिडकीजवळ, काळ्या सुटात. त्यांना मराठी कळत नाही, म्हणून हे सगळं मी बोलणार आहे, चालेल ना, असं त्यांना आधीच विचारलं. त्यांनी होकारार्थी मान डोलावली. आणि मग त्यांनी मला विचारलं, "नवीन स्टेडियमला जायला कुठल्या स्टेशनवर उतरायचं?"

मी स्टेशनचं नाव कागदावर लिहून दिलं. काकू शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "मीही येते. मला एकटीला तिथे जायला नको वाटतं." ओकादा-सान म्हणाले, "मलाही."

काका, तुम्ही हे ऐकायला हवं होतं. तुम्ही नाही आहात याचा मला राग येतोय, खरंच राग येतोय. पण तुमच्यासारखा शेजारी मिळाला, हे माझं भाग्य. तुम्हाला माझा नमस्कार.

आता सगळ्यांना विनंती, उभे राहा. मॅचच्या आधी मैदानावर कुणासाठी शांतता पाळतात, तेव्हा ती रेफरीच्या शिट्टीने संपते. इथे शिट्टी वाजवायला कुणी नाही. काकू बसतील, तेव्हा आपण बसू.