आप्पांची मूठ

शेजाऱ्यांकडं डोकावायची माझी खोड तुम्हाला ठाऊकच हाय. आमच्या राहू गावातल्या शेजारच्या आप्पांचा उजवा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात तुटून गेला, तरी ते रोज कळवळायचे, "त्या हाताची मूठ आवळलीया गं, सुटंना!" झोप अशी न्हाईच.

डॉक्टर म्हणाले, "हात गेल्याचं मेंदूला पटलेलं नाही. त्याला आरशात हात दाखवा."

मी घरचा आरसा नेऊन आप्पांच्या छातीपुढं मधोमध उभा धरला, तोंड डाव्या हाताकडं. डाव्या हाताचं प्रतिबिंब उजव्याच्या जागी दिसू लागलं. आप्पांनी डावी मूठ हळूहळू उघडली, तशी आरशातलीही उघडली.

"सुटली गं!" त्यांचा चेहरा निवला.

माझे हात भरून आले. "आप्पा, ठेवू का आरसा खाली?"

"थांब पोरी," नजर न हलवता ते म्हणाले, "लई दिसांनी दोघं भेटल्यात."