गार हवेच्या मशीनची पूजा

आवं, खोकला बायकोचा आन् दोष माझ्या घराचा, ह्याला काय अर्थ हाय? तुमाला सांगतो, पलटणीत अठरा वर्सं गाडी चालवली. चौऱ्याहत्तर साली पुण्याच्या साहेबाची बदली झाली, तवा खिडकीतलं गार हवेचं मशीन त्यानं मलाच दिलं... "हंबीरराव, ले जाव." उंब्रजला आनलं, भिंतीला भगदाड पाडून बसवलं, का तर आमच्या शालूबाईला धुळीचा तरास. उनाळाभर आर्धं गाव खोलीत येऊन बसायचं. हवा गार हां, खोटं कशाला बोलू?

हिवाळ्यात मशीन बंद. फागुनात परत लावलं, तर आठवड्यात शालूबाईला ढास लागली. खों खों, खों खों... आन् खोलीला वास वल्ल्या गोणपाटाचा. मी म्हनलं, उसाच्या गाड्यांची धूळ, दार आणखी घट्ट लाव. मग म्हनलं, तूच माठाचं पानी पितीस. मग म्हनलं, तुमच्या म्हायारची छातीच नाजूक. तिनं पिशवी भरली आन् म्हायारला जायला वाईची यष्टी धरली. आठ दिसांत सासऱ्याचं कार्ड, "शालूचा खोकला थांबला. तुमच्या घरची हवा तिला मानवत नाही. सध्या इथेच राहील." सध्या म्हंजे किती वो? मी एकटाच त्या खोलीत, करमंना. हवा गार हां, खोटं कशाला बोलू?

शेवटी कराडास्नं बिराप्पा मिस्त्री आनला. त्यानं म्होरली जाळी काढली आन् नाकाला रुमाल लावला. "हवालदार, आत बाग लावलीया काय वो?" बघतो तर शिळ्या भाकरीवर येती तशी बुरशी, काळी, हिरवी, केसाळ... आन् तिच्यात झेंडूची फुलं, तांदूळ, खोबऱ्याचा तुकडा. "हे कुनी घातलं?"

आता काय सांगू त्याला? खंडेनवमीला आमच्यात तलवार पुजत्यात, नांगर पुजत्यात, मोटार पुजत्यात, मग एवढं भारी मशीन बिनपुजेचं ठिवायचं? मीच हळद-कुकू वाहिलं, नारळ फोडून पानी जाळीवर शिपडलं, फुलं पडू नयेत म्हनून आत खोचली, आन् वरनं गोधडी बांधून फागुनापातूर बंद... देवाचं फूल काढायचं कसं?

बिराप्पानं सगळं धुतलं, उनात वाळवलं. मी वाईला गेलो, सासऱ्याम्होरं मान खाली घालून कबूल केलं. म्हातारा हसलाबी न्हाई, तेच लय लागलं. शालूबाई म्हनली, "चूक सांगायला इथवर आलासा, मग येते." डोळ्यात पानी आलं माझ्या, लपवत न्हाई.

घरी आली ती सोप्यातच बाज टाकली. "आता कोंडून घेनार न्हाई मी. दार उघडं पायजे." म्हनलं, अगं, मशीन लख्ख धुतलंय. "आसू द्या. उकडतंय, वारा घाला."

तवापास्नं रोज दुपारी मशीन आत बंद, आन् मी बाजेपाशी विंझणा हालवतोय. हवा काय गार न्हाई हां, खोटं कशाला बोलू... पर खोकला न्हाई. आन् जरा कुठं माझा हात थांबला, की बाई डोळं मिटूनच इचारती,

"काय वो, लाईट गेली काय?"