चुरा कुठे बसतो

अलकापुरीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात औषधाचे थेंब घालून मोहना डोळे मिटून बसली होती. शेजारी उतारवयातलं एक जोडपं बोलत होतं.

"लीला, आपल्या यशूचा समुद्राचा अभ्यास परत एकदा सांग. बोट बंदराला लागली की तिचा फोन येईल, त्याच्या आत समजायला हवा."

"अहो, किनाऱ्याने वाहणारा वारा वरचं पाणी आत समुद्रात ढकलतो. त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं."

"आणि त्यात खत असतं."

"खतच म्हणा. त्यावर बारीक जीव वाढतात, मरतात, मग त्यांचा चुरा खाली बसतो."

"तिथंच, किनाऱ्यालगत."

"इथंच तुम्ही चुकता! चुरा अगदी सावकाश बुडतो. तोवर पाणी त्याला दूर आत घेऊन जातं."

"तुला कसं गं एवढं कळतं?"

"ती सांगते तेव्हा मी ऐकते. तुम्ही 'जेवलीस का' विचारता आणि फोन माझ्या हातात देता."

"चुकीचं काही बोलेन, अशी भीती वाटते मला."

फोन वाजला. या वेळी नवराच बोलू लागला.

"यशू? पोचलीस का बंदरात? बरं, एक विचारू? तो चुरा दूर जाऊन बसतो, तर नुसतं किनाऱ्याजवळ मोजून कसं चालेल? ...हॅलो? रडतेस का गं? ...हसतेस होय! सांग, सगळं सांग."

"दत्तात्रेयभाई, आवो!" नर्सने आतून हाक मारली.

"बेन, आधी मला घ्या," मोहना चाचपडत उठली आणि गुजरातीत म्हणाली. "त्यांच्या मुलीचा फोन आहे."